झीज की स्वभाव

जुन्या मोठ्या गाडीचं स्टेअरिंग सरळ धरलं, की मधोमध हाताला एक मोकळी जागा लागते. डावीकडे बोटभर, उजवीकडे बोटभर. तेवढ्या जागेत हात फिरतो आणि गाडीला त्याचा पत्ता नसतो. नवखा माणूस चालवायला बसला तर दचकतो. मालक दचकत नाही, कारण ही जागा रातोरात झालेली नसते. केसभर केसभर वाढत ती त्याच्या अंगवळणी पडलेली असते. द्रुतगती मार्गावर गाडी सरळ ठेवण्यासाठी आपण सारखं जरासं इकडे, जरासं तिकडे करत आहोत, हे त्याला उमगतही नाही. उमगतं ते खांद्यांना, घरी पोचल्यावर.

माझी गाडी मर्सिडीजची, डब्ल्यू १२४ पिढीतली. ही पिढी जर्मनीत १९८४च्या अखेरीस आली. ब्रुनो साको तेव्हा मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. रेषा सरळ, अंगावर उगाच नक्षी नाही, आणि मागच्या डिकीचं झाकण खालच्या बाजूला निमुळतं होत गेलेलं. १९९५ साली हीच गाडी आपल्याकडे पिंपरीत, टेल्कोच्या आवारात जुळू लागली. मर्सिडीजने भारतात बांधलेली ही पहिली गाडी. गंमत अशी, की त्याच वर्षी जर्मनीत तिची जागा घेणारी गोल दिव्यांची नवी ई-क्लास बाजारात आली. तिकडे निरोप समारंभ आणि इकडे बारसं. तेव्हा यावर बरीच कुरकुर झाली, जुना माल नवा म्हणून गळ्यात मारतात वगैरे. आज मला ती कुरकुर मान्य नाही. मर्सिडीजचं इतकं मनापासून केलेलं काम आपल्या वाट्याला उशिरा आलं, पण आलं.

तर या गाड्या इथे नव्या होत्या तेव्हा त्यांचे मालक मागच्या सीटवर बसत. दार उघडून देणारा, पुढे बसून चालवणारा माणूस वेगळा असे. गाडीबद्दल जे काही बोललं जाई ते मागच्या सीटवरून: गादी कशी, एसी कसा, खड्डा कळतो की नाही. स्टेअरिंगबद्दल ज्याला सगळं ठाऊक होतं त्याला कुणी विचारलंच नाही. पुढे गाड्या म्हाताऱ्या झाल्या, किमती उतरल्या, आणि त्या माझ्यासारख्यांच्या हातात आल्या, ज्यांना ड्रायव्हर ठेवणं परवडत नाही आणि ठेवला तरी त्याच्या हाती गाडी देववणार नाही. या गाडीचं स्टेअरिंग ‘सुधारावं’ हा विचार त्यामुळे इथे उशिरा सुरू झाला. मागच्या सीटवरून तो कधी सुचलाच नसता.

सुधारावं म्हणजे काय करावं, इथेच खरा घोळ आहे. कारण ही गाडी नवी असतानाही तिचं स्टेअरिंग चपळ नव्हतं. ते मुद्दामच तसं ठेवलेलं होतं. जर्मनीतल्या फिकट पिवळ्या टॅक्स्यांच्या ताफ्यात दिवसभर राबणाऱ्या आणि ऑटोबानवर तासन्‌तास एका वेगात धावणाऱ्या गाडीला स्टेअरिंग मधोमध जरा शांत लागतं. ड्रायव्हर शिंकला म्हणून गाडीने लेन बदलता कामा नये. म्हणजे हाताला जे मोकळं लागतं त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक झीज, दुसरा स्वभाव. झीज भरून काढायची असते. स्वभावाला हात लावायला गेलं, की गाडी दुरुस्त होत नाही, वेगळीच होते. हे दोन कुठे वेगळे होतात ते शोधणं म्हणजेच या कामातलं निम्मं काम, आणि मला विचाराल तर सगळी मजाही त्यातच आहे.

गाडी वळवणं ही मुळातच अवघड गोष्ट. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ या तारखेचं पेटंट ज्या गाडीसाठी घेतलं तिला तीन चाकं होती. इंजिनाचा प्रश्न त्याने सोडवला होता, पण दोन चाकं एकदम नीट वळवायची कशी, हे त्याच्या मनासारखं सुटलेलं नव्हतं. म्हणून त्याने पुढे एकच चाक ठेवलं. चार चाकांसाठीचं स्वतःचं उत्तर त्याने १८९३ साली पेटंट केलं. खरं तर वळणावर आतलं चाक जास्त आणि बाहेरचं कमी वळलं पाहिजे, ही युक्ती म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने १८१७ मध्येच काढली होती. इंग्लंडमधलं पेटंट त्याच्या वतीने घेतलं रुडॉल्फ आकरमान या लंडनच्या प्रकाशकाने, आणि आजतागायत जगभरातले इंजिनिअर त्या भूमितीला आकरमानचंच नाव देतात. बग्गी करणारा राहिला बाजूला, कागद करणाऱ्याचं नाव झालं. गोल स्टेअरिंग तर त्याहून पुढचं. १८९४च्या पॅरिस ते रुआँ शर्यतीत आल्फ्रेद व्हाशरोंच्या पानारमध्ये ते पहिल्यांदा दिसलं. त्याआधी होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे.

डब्ल्यू १२४ मध्ये या सगळ्या वंशावळीतला एक जुना, भारदस्त प्रकार आहे: रिसर्क्युलेटिंग बॉल. स्टेअरिंगचा दांडा खाली एका पोलादी बॉक्समध्ये शिरतो. तिथे त्याच्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि त्या आट्यांवर एक जाडजूड नट. पण नट आणि आटे एकमेकांना घासत नाहीत. दोघांच्या मधल्या खाचेतून पोलादी गोळ्यांची रांग धावत असते. गोळ्या एका टोकाने बाहेर पडतात, नळीतून वळसा घेऊन दुसऱ्या टोकाने आत येतात, आणि ही प्रदक्षिणा हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर चालू राहते. नट सरकला की त्याच्या अंगावरचे दाते समोरच्या दातेरी पाकळीला फिरवतात. पाकळीच्या दांड्याला बाहेर पिटमन आर्म. पिटमन आर्म मधल्या ड्रॅग लिंकला ढकलतो, पलीकडच्या बाजूने आयडलर आर्म तिला सावरून धरतो, तिच्यापासून दोन्हीकडे टाय रॉड निघतात, टाय रॉडच्या टोकाला बॉल जॉइंट, आणि मग कुठे चाक.

एखादा निरोप सात-आठ जणांच्या तोंडून पुढे जावा तसा हा प्रकार आहे. ‘जरा डावीकडे’ असं हात म्हणतो. प्रत्येक जण निरोप पुढे देतो, पण देताना क्षणभर थांबतो, एखादा शब्द गाळतो. एकाचं गाळणं लक्षातही येणार नाही. सगळ्यांचं मिळून बोटभर होतं. आणि निरोप उलटाही येत असतो. रस्ता ओला आहे, डाव्या चाकाखाली वाळू आहे, टायर आता धरून राहणार नाही, हे सगळं चाकाकडून हाताकडे याच वाटेने यायचं. आलिशान गाडीची खुबी अशी, की तिने यातला खड्ड्यांचा आरडाओरडा वाटेतच थोपवावा आणि कामाचं तेवढं वर पोचवावं. गोळ्यांच्या बॉक्सने ते छान जमतं. म्हणून मर्सिडीज त्याला इतकी वर्षं चिकटून राहिली. शिवाय या रचनेत चाकं भरपूर वळतात. एवढी लांब गाडी साधारण ११ मीटरच्या वर्तुळात फिरते. सदाशिव पेठेतल्या गल्लीत अडकलेल्या माणसाला या आकड्याचं मोल विचारावं.

आमचे मिस्त्री या गाड्यांवरच म्हातारे झाले. त्यांनी गाडी आधी चालवूनही पाहिली नाही. मला आत बसवलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि स्वतः पिटमध्ये उतरले. “साहेब, हलकं हलवा. रस्त्यावर हलवता तेवढंच. जोर नको.” मी डावीकडे-उजवीकडे करत राहिलो आणि ते एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले. बोट सांध्यावर असं ठेवायचं, की सांध्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी बोटाला लागाव्यात. एक बाजू हलली आणि दुसरी मागाहून हलली, की तिथे निरोप थांबतोय. डोळ्यांना काही दिसत नाही, कानांना क्वचित टिकटिक ऐकू येते. बोटाला मात्र कळतं. खालून आवाज यायचा, “हा गेलाय.” मग थोडा वेळ शांत. “हा ठीक.” मग, “याचं आयुष्य संपलं, पण कुणी सांगितलं नाही त्याला.” वर बसून स्टेअरिंग हलवणाऱ्या माणसाला अशा वेळी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसल्यासारखं वाटतं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

गेलेल्यांच्या यादीत टाय रॉडचे दोन सांधे होते, आयडलर आर्मचा बुश होता, आणि स्टेअरिंग डँपर होता. डँपर म्हणजे आडवा लावलेला छोटासा शॉक अब्सॉर्बर. तो पुढच्या चाकांचे झटके आणि थरथर गिळतो. तो मेला तरी गाडी चालते, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. फक्त ठरावीक वेगाला हातात एक बारीक कापरं भरतं आणि मालक व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालत राहतो. यांच्यापाठोपाठ, चाकाला गाडीशी जोडून धरणाऱ्या खालच्या कंट्रोल आर्मचे रबरी बुश. त्यांची गोष्ट जरा निवांत सांगायला हवी.

लोखंड वापरल्याने झिजतं. रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि इंजिनाची धग त्याला गाडी उभी असतानाही सोडत नाहीत. म्हणून ‘फारच कमी चालली आहे’ अशी जाहिरात केलेल्या जुन्या गाडीचं स्टेअरिंग पुष्कळदा भरपूर चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघतं. रबर आधी कडक होतं, मग त्याला बारीक भेगा पडतात, मग ते भोवतालच्या लोखंडापासून सुटतं. बाहेरून बघावं तर सगळं जागच्या जागी. पण ब्रेक लावला की आख्खं चाक दोन मिलिमीटर मागे सरकतं, वळवलं की बाजूला सरकतं, आणि ज्या कोनात चाक उभं असायला हवं तो कोन दर क्षणाला थोडा वेगळा असतो. मालक म्हणतो, स्टेअरिंग ढिलं आहे. स्टेअरिंग बिचारं सरळ निरोप देत असतं. ज्याला द्यायचा तोच जागेवर नसतो.

हे बुश बदलण्यात एक खोच आहे, आणि ती बहुतेक गॅरेजांत पाळली जात नाही. या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडाला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा ते घसरत नाही, पिळलं जातं. आता गाडी जॅकवर आहे, चाकं लोंबताहेत, आणि त्याच अवस्थेत बोल्ट कचकचून आवळला, तर रबराला वाटतं हीच आपली विश्रांतीची जागा. गाडी खाली आली की ते पिळलं जातं, आणि मग चोवीस तास, उभ्या गाडीतही, पिळलेलंच राहतं. काही वर्षं टिकायचं ते काही महिन्यांत फाटतं. त्यामुळे बोल्ट नुसते लावून घ्यायचे, गाडी चारी चाकांवर उतरवायची, पुढचा भाग दाबून दोन-चार वेळा झुलवायचा, आणि मग पिटमध्ये उतरून, गाडीचं ओझं चाकांवर असताना शेवटची आवळणी करायची. काम तेच, पाने तेच. फक्त कंटाळा न करण्याचा फरक. मिस्त्रींचा हात बुशचा आहे म्हणतात त्यांच्या धंद्यातले लोक, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

सुटे भाग नाना पेठेत मिळतात. निदान काही मिळतात. एकाच टाय रॉड एंडचे तीन भाव असतात, आणि दुकानदार तुमच्याकडे बघून कोणता पुढे करायचा ते ठरवतो. या बाबतीत माझं मत पक्कं आहे: सांध्यांमध्ये काटकसर करू नये. नकली बॉल जॉइंट नवा असताना अस्सलाइतकाच घट्ट लागतो. पण त्याचा रबरी बूट लवकर फाटतो, पाऊस आत शिरतो, ग्रीस धुऊन जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खालून आवाज येतो, “हा गेलाय.” लेमफर्डरसारखे ज्यांनी कारखान्यालाच माल पुरवला, त्यांचा मिळाला तर दुप्पट पैसे द्यावेत.

पुढच्या चाकांच्या बेअरिंगचंही असंच. या गाडीत ती बेअरिंगं निमुळत्या रोलरची आहेत आणि त्यांची आवळणी हाताने ठरवायची असते. पुस्तकात दिलेली सैल मोकळीक एका मिलिमीटरचा शंभरावा भाग ते पन्नासावा भाग. ती डायल गेजनेच मोजावी लागते. अंदाजपंचे आवळणाऱ्याकडून ती एकतर जास्त घट्ट होते आणि बेअरिंग तापून मरतं, किंवा ढिली राहते आणि चाक डुलतं. एवढ्या धिप्पाड गाडीचं सरळ चालणं केसाहून बारीक फटीवर उभं आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि टायर. खरं म्हणजे सुरुवात यांच्यापासूनच करावी, कारण बघायला पैसे लागत नाहीत. टायरच्या कडेला जी अक्षरं-आकडे असतात त्यांतले शेवटचे चार अंक तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तयार झाला ते सांगतात. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि रबराचं मात्र लाकूड झालेलं असतं. टायर हा निरोपाच्या साखळीतला शेवटचा आणि सगळ्यांत विलक्षण दुवा. चाक जिकडे वळतं तिकडे टायर लगेच जात नाही. जमिनीला टेकलेला त्याचा तळहाताएवढा तुकडा आधी जरासा पिळला जातो, चाकाचं तोंड आणि टायरची वाट यांच्यात थोडा कोन पडतो, आणि त्या पिळातून बाजूला ढकलणारं बळ तयार होतं. म्हणजे वळणं ही गोष्टच मुळी रबराच्या थोड्याशा हट्टातून जन्माला येते. तो हट्ट मऊ, ताज्या रबराचा असला तर हाताला गोड लागतो. वाळलेल्या रबराचा असला तर आधी काहीच नाही आणि मग एकदम घसरण.

पुष्कळ जण इथे मोठी रिम आणि पातळ टायर घालतात. मूळची गाडी १५ इंची रिमवर, १९५/६५ मापाच्या टायरवर उभी असते. सतरा इंची रिमवर पातळ कडांचा टायर घातला की स्टेअरिंग पहिल्या दिवशी खरोखर चुरचुरीत होतं. दुसऱ्या आठवड्यात कळतं, की रस्त्यावरची प्रत्येक लांबट खाच आता गाडीला आपल्या दिशेने ओढते. पावसाळ्यात कळतं, की रिम वाकली. पॉलियुरेथेनचे बुश, छोटं जाड स्टेअरिंग, खाली दबवलेल्या स्प्रिंग, हे सगळं त्याच जातीचं. झीज काढायच्या ऐवजी ही माणसं स्वभाव बदलायला निघतात, आणि झीज तिथेच राहते, नव्या कपड्यांखाली. कुणाला तसंच आवडत असेल तर माझी हरकत नाही. पण मग वेगळी गाडी घ्यावी, स्वस्तात पडेल. पोर्शने सुद्धा हा मोह आवरला होता. डब्ल्यू १२४ची ५०० ई ही व्ही-८ इंजिनाची दांडगी बहीण १९९० नंतर श्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागात, पोर्शच्या कारखान्यात बांधली गेली. रुंद फेंडर, मोठे ब्रेक, सगळं केलं, पण स्टेअरिंगला गोळ्यांचा बॉक्सच ठेवला.

सगळे सांधे नवे झाले, बुश बसले, तरी मधोमध थोडं मोकळं उरलंच होतं. ते बॉक्समधलं. बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू असतो, त्याच्यावर लॉकनट. तो फिरवला की पाकळीचे दाते नटाच्या दातांत आणखी खोल बसतात आणि मोकळीक कमी होते. रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत, चहा होईस्तोवर हे करून देणारे लोक आहेत. जुन्या गाड्यांची स्टेअरिंगं सगळ्यांत जास्त नासतात ती या पाच मिनिटांत. कारण असं, की कारखान्यात दाते मुद्दाम असे घडवलेले असतात, की सरळ स्थितीत ते सर्वांत घट्ट बसावेत आणि दोन्ही बाजूंना क्रमाने सैल व्हावेत. गाडी आयुष्यभर चालते मुख्यतः सरळ. म्हणून झीजही मधल्याच दातांची होते. आता ती मधली झीज स्क्रूने पूर्ण भरून काढली, तर न झिजलेले बाजूचे दाते आवळले जातात. मग गाडी सरळ जाताना छान वाटते आणि वळणानंतर स्टेअरिंग परत यायचं विसरतं. घाटात ही गोष्ट धोक्याची आहे.

म्हणून स्क्रू सर्वांत शेवटी. मिस्त्रींनी लॉकनट सैल केला, स्क्रू अगदी नखभर फिरवला, पुन्हा लॉकनट धरला आणि म्हणाले, “आता फिरवून आणा.” मी फिरवून आणली. “अजून थोडं?” मी विचारलं. त्यांनी मान हलवली. “उरलंय ते त्याचं आहे. ते राहू द्या.” झीज आणि स्वभाव यांमधली जी रेघ मी इतका वेळ शब्दांत मांडायची धडपड करतोय, ती त्यांनी पान्याने ओढली आणि हात पुसले.

यानंतर अलाइनमेंट. तिच्यातही या गाडीच्या दोन खास गरजा आहेत. पहिली म्हणजे पुढची चाकं हलक्या दाबाने बाहेर ढकलून धरणारा दांडा लावून टो, म्हणजे चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते, मोजावं लागतं. धावताना रस्ता चाकांना जसा ढकलतो, तसं त्यांना उभ्या गाडीत ठेवायचं. दुसरी जास्त महत्त्वाची. बॉक्सचा बरोब्बर मध्य आणि चाकांची सरळ रेघ एकाच ठिकाणी आली पाहिजे, कारण घट्ट दाते मध्यावरच आहेत. अलाइनमेंटवाला गाडी सरळ करतो, स्टेअरिंग वाकडं राहतं, मग तो स्टेअरिंग उपटून सरळ करून बसवतो. दिसायला झकास. पण बॉक्स आता कायमचा मध्यापासून सरकलेल्या जागी, सैल दातांवर चालतो, आणि मालक पुन्हा म्हणतो, ढिलं आहे. स्टेअरिंग उपटायचं नाही, दोन्ही टाय रॉड फिरवून चाकांना त्याच्याकडे आणायचं. हे संगणकाच्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या मुलाला समजावताना मला थोडा आवाज चढवावा लागला. पडद्यावर सगळं हिरवं होतं ना, मग काका का ओरडतायत, असा त्याचा चेहरा होता.

कॅस्टर मात्र त्या मुलाने सुरेख लावून दिला. चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष मागे कललेला असतो, त्या कलाला कॅस्टर म्हणतात. सायकलच्या फोर्कचा कलही त्याच घराण्यातला. मर्सिडीजच्या त्या काळच्या गाड्यांत हा कल भरपूर, दहा अंशांच्या घरात. त्यामुळे वळण संपताच स्टेअरिंग आपण होऊन बोटांखालून घरंगळत मध्यावर येतं. ते धरून आणायचं नसतं, नुसतं येऊ द्यायचं. झिजलेल्या गाडीत हे येणं अर्ध्यावर अडतं आणि चालवणाऱ्याला हात घालावा लागतो. आता ते येत होतं.

ताम्हिणीच्या रस्त्याला मी तिला नेली. मुळशी धरणाचं पाणी उजवीकडे मागे पडलं आणि वळणं सुरू झाली. गाडी चपळ झालेली नव्हती. वळणात शिरताना अजूनही ती आधी थोडा विचार करते, मग झुकते, मग निघते. फरक असा, की आता तो विचार दर वेळी तेवढाच होता. पूर्वी एका वळणाला लवकर, दुसऱ्याला उशिरा, असं असायचं आणि प्रत्येक वळणाची वेगळी मनधरणी करावी लागायची. आता हाताने एकदा अंदाज घेतला की तो पुढच्या वळणालाही खरा ठरत होता. ओलसर सावलीच्या पट्ट्यांवर स्टेअरिंग किंचित हलकं व्हायचं, कोरड्या उन्हात पुन्हा भरायचं. दरडीची माती रस्त्यावर पसरली होती तिथे डाव्या हाताला आधी खबर लागली, डोळ्यांनी माती नंतर पाहिली. एवढी वर्षं ही गाडी हे सगळं सांगत असणार, आणि ते वाटेतच कुठे कुठे सांडत असणार.

परतीला द्रुतगती मार्गाने आलो. ट्रक ओलांडताना हवेचा धक्का बसतो तिथे गाडी एकदाच हलली आणि स्वतःच स्थिरावली. मी काही केलं नाही. बोटं स्टेअरिंगवर नुसती टेकलेली होती. मधलं ते उरलेलं, ‘त्याचं’ मोकळं आता आळस वाटत नव्हतं. वेगात तो एक मोठेपणा वाटतो: तुझ्या प्रत्येक बारीकसारीक चुळबुळीला मी उत्तर देणार नाही, असं गाडी म्हणते. हा मोठेपणा आताच्या गाड्यांना परवडत नाही. त्यांच्या स्टेअरिंगला वीज फिरवते. १९८८ साली सुझुकीने सर्व्हो नावाच्या चिमुकल्या गाडीत ती सोय पहिल्यांदा आणली आणि आता ती सगळीकडे आहे. हलकं, नेमकं, तेलाची गळती नाही, इंधन कमी. स्पोर्ट नावाचं बटण दाबलं की स्टेअरिंग जड होतं. पण जड होतं म्हणजे जास्त काही सांगतं असं नाही. नुसतं जड होतं. माझ्या बायकोची छोटी गाडी अशीच आहे आणि मंडईत जायला मीही तीच काढतो, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

आता मागचा भाग राहिला आहे. स्टेअरिंगचं काम पुढे संपत नाही, हे पुढचं सगळं घट्ट झाल्यावरच कळतं. या गाडीचं प्रत्येक मागचं चाक पाच दांड्यांनी धरलेलं आहे. १९८२च्या मर्सिडीज १९० मध्ये ही रचना पहिल्यांदा आली, आणि तिच्या प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना पुन्हा रबर. ते सगळे दांडे ज्या सबफ्रेमवर बसतात तिला चार मोठे रबरी आधार, तेही गाडीच्याच वयाचे. वळणात शिरताना पुढचं टोक ऐकतं आणि मागचं क्षणभर उशिरा येतं, ते या आधारांमुळे. पूर्वी सगळीच गाडी उशिरा येत असल्याने हे कळत नव्हतं. मिस्त्री म्हणतात, सबफ्रेम उतरवायची म्हणजे एक्झॉस्ट, हँडब्रेकच्या केबली, ब्रेकच्या नळ्या, सगळं मोकळं करावं लागेल, दिवाळीनंतर आणा. नाना पेठेत दोन आधार मिळाले आहेत. उरलेले दोन श्टुटगार्टहून भाचा डिसेंबरात येताना आणणार आहे. त्याच्या आईने लोणच्याच्या रिकाम्या बरण्या परत आणायला सांगितल्यात, मी रबरी आधार सांगितलेत, आणि बॅगेत जागा कुणाला मिळणार यावर सध्या फोनवर वाटाघाटी चालू आहेत.